टकल्या आयसी

नाही मिळणार, सांगते ना — त्या खणात नाही, खालच्यात नाही, वरच्यात तर नाहीच. हवं तर सगळं कपाट उपस, मी काही तुझा हात धरत नाही. पण सगळ्या आयसी टकल्या आहेत बाबा. एकीच्याही पाठीवर अक्षर सापडायचं नाही. बस त्या स्टुलावर. डुगडुगतं, पण पाडत नाही. अख्खा बाजार पालथा घातलास म्हणतोस — घालणारच. जो तो आधी नंबर विचारणार. आयसीचा नंबर सांगा, लगेच काढून देतो! आणि तू पुढे करतोस हे जळकं कार्ड, त्यावरची मोठी काळी आयसी अशी, ना नाव ना गाव. मग म्हणाले असतील, ज्यानं बनवलं त्यालाच जाऊन विचारा. विचार की. आमचे हे आतच बसलेत. काल मलाच विचारत होते, बाई, तुम्ही कुणाकडच्या?

दाखव इकडे. हो, यांचंच. हे कोपरे बघ, घासून गोल केलेत. काँप्युटरच्या पोटात खोचताना कुणाच्या बोटाला लागू नयेत म्हणून. कार्ड कुणाला बोचता कामा नये — जिभेचं मात्र तसं काही नव्हतं. छापखान्यातलं आहे ना हे? मोठं मशीन यावरच चालायचं. कार्ड गेलं, मशीन बसलं, आता नवीन कार्ड करायचं तर ही आयसी कुठली ते कळायला हवं, ते कळलं की मग तिचं पुस्तक शोधायचं, कुठला पाय कशाला ते बघायचं. कळतं मला. इतकी वर्षं या गल्ल्यावर काय झोपा काढल्या? पुस्तकं होती, ही अशी जाडजूड, कंपन्यांकडून यायची. ज्या पानावरची आयसी वापरली ते पान फाडून जाळायचे. उरलेलं पुस्तक परत फळीवर, जसं काही झालंच नाही. जा, बघ चाळून. जे नको ते सगळं सापडेल.

कुणी खरवडलं विचारतोस? ह्या हातांनी. दुसरं कोण! यांना भीती एकच — आपलं कार्ड कुणी उघडून बघेल, आयसीचे नंबर उतरवून घेईल आणि उद्या समोरच्या दुकानात तसंच कार्ड टांगेल. म्हणून कार्ड बाहेर पडायच्या आधी नाव पुसायचं. पॉलिश पेपर ओला करायचा, आयसी बोटात धरायची आणि घासायची, काळं पाणी गळेस्तोवर. आधी एक पोरगा ठेवलेला, तो शिकलेला निघाला, दिला हाकलून. मग मला म्हणाले, तू बस. मी बसले. मला काय वाटलं असेल? वाटलं, चला, विश्वास टाकला माणसानं. चार बायकांत मिरवलं सुद्धा — हे मला विचारल्याशिवाय कार्ड बाहेर काढत नाहीत. आणि एक दिवस हे गिऱ्हाइकाला सांगतायत, हसत, मी पडद्याच्या अलीकडे आहे हे माहीत असून — आमच्याकडून नंबर फुटायचा प्रश्नच नाही, घासायला ठेवलंय ती ठार आंगठेबहाद्दर आहे.

ठेवलंय. कळलं का? ठेवलंय म्हणाले.

चहा नको ना? बरं. दूधही नाहीये.

आता मला एक सांग. मघाशी खण उघडताना तू तो आधी वर उचललास आणि मग ओढलास. तो खण असाच उघडतो, अडकतो ना तो. पण नवीन माणूस आधी खेचतो, शिव्या घालतो, मग मी सांगते. तू कसं उचललंस रे? नको, तोंड उघडू नकोस, आता खोटं बोलशील. बाळीनं सांगितलं. माझ्या लेकीनं. तिच्याकडेच आलंय ना हे काम? तीच करतेय ना नवीन कार्ड? तरीच. स्वतः यायला पाय मोडलेत का तिचे?

मोडले नसतील, पण — जाऊ दे. तिची हौस होती रे या कामाची. लहानपणी बाहुलीला कार्डाच्या पाठीवर निजवायची. बापानं कधी जवळ केलं नाही. तिला वाचता येत होतं ना! एकदा भिंग घेऊन दिव्याखाली बसली, खरवडलेल्या आयसीवर काही पुसट दिसतंय का बघत. हे मागून आले. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, घरातच चोर पाळलाय मी. तिनं भिंग ठेवलं, चप्पल घातली. मी दारापर्यंत धावले, अगं, मला तर सांग, तुला हवं काय होतं? तर म्हणाली, तुला सांगून काय होणार आई, तुला कुठे वाचता येतं!

बापाचंच बोलणं. फक्त आवाज गोड.

आणि तू आलास तोही त्यांनाच विचारत आलास. तिनंच सांगितलं असेल, बाबांना काही आठवतंय का बघ, नाहीतर खण शोध. आईला विचारून बघ, हे काही म्हणाली नसेल. नाही ना? बघ, मान खाली गेली. अरे, वाचता येत नाही म्हणजे दिसत नाही का? जी आयसी घासली, ती आधी डोळ्यांसमोर धरूनच घासली ना? ही मोठी — हिच्यावर पहिली एक उभी काठी, मग पाठीत वाकलेली म्हातारी, तिच्यापुढे दोन मडकी एकावर एक, आणि मग —

कागद कशाला काढलास? ठेव. ठेव तो खिशात.

हो हो, आले! — बघ, हाक मारतायत. रोज एकच विचारतात. बाई, तुम्हाला वाचता येतं का? मी म्हणते, नाही हो. मग म्हणतात, मग बसा जवळ. तेवढ्यानं माणूस निवांत होतो. आता त्यांना काय सांगू, येतं म्हणून?

नाही. तुला नाही सांगणार. मशीन बंद आहे ते बंद राहील, छापखाना काही माझ्या पोटचा नाही. आणि बाळीलाही हे बोलायचं नाही, कळलं? काठी नाही, म्हातारी नाही, काही नाही. नंबर आहे म्हटल्यावर ती आजच येईल धावत, माहितीये मला. तशी नको. तिला सांग, आईला काही आठवत नाही, काही उपयोग नाही तिचा.

एवढं ऐकूनही आली, तर बघू.

ऊठ आता. आणि तो खण लावून जा — आधी उचल, मग ढकल. तुला माहीतच आहे.