मिनिटाला साडेपाचशे शब्द

बाबा : सत्तावीस इंची! दुकानातून उचलताना एकदाही मनात आलं नाही, की हा पडदा बघणार कोण? तुझा बाप चौदाव्या वर्षापासून आंधळा आहे. तुला कुणी सांगितलं नव्हतं का?

मुलगा : बाबा, सेटच तसा होता. सगळ्यात टॉपचं मॉडेल घेतलं तुमच्यासाठी. आणि आता मेकॅनिक आलेत, त्यांच्यासमोर नको ना.

बाबा : त्यांच्यासमोरच! बसा हो मेकॅनिक. खुर्चीत खोकी असतील, द्या खाली ढकलून. आमच्या कुलदीपकानं मंगळवारी मला हा नवा संगणक भेट दिलाय. त्या दिवसापासून मी हातावर हात ठेवून बसलोय.

मेकॅनिक : बिघडलंय काय, काका? मशीन तर कोरं करकरीत दिसतंय.

बाबा : बिघडलं काहीच नाही. आतली नवी सिस्टीम उपटून काढा आणि बारा वर्षांपूर्वीची घाला. आहे ना तुमच्याकडे?

मेकॅनिक : आहे पेनड्राइव्हवर. पण लोक माझ्याकडे जुनी काढून नवी घालायला येतात. उलटं सांगणारे तुम्ही पहिलेच.

मुलगा : मी तेच सांगून थकलो. अहो, नव्यात बोलणारा आवाज आहे की! इतका गोड, अगदी माणसासारखा.

बाबा : गोड! सुरू केल्या केल्या मला म्हणाला, 'स्वागत आहे! डाव्या कोपऱ्यातलं निळं चित्र बघा.' बघतो म्हटलं, अजून काही हुकूम? आणि बोलतो तरी किती रमतगमत! सत्काराला उत्तर द्यायला उभा राहिल्यासारखा. चार पानांचा अहवाल वाचायला ह्याला पाऊण तास लागेल.

मेकॅनिक : कसला अहवाल?

बाबा : दवाखान्याचा. डॉक्टर बोलून ठेवतात, ते मी ऐकून टाइप करतो. मग संगणकाकडून वाचून घेतो आणि चुका काढतो. सव्वीस वर्षं झाली. माझा जुना आवाज मिनिटाला साडेपाचशे शब्द बोलायचा. पत्र्यावर खडे ओतल्यासारखा वाजायचा, पण एकेक औषध स्पष्ट. तो प्रोग्रॅम बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. नव्या सिस्टीमवर तो चालत नाही.

मेकॅनिक : मग जुनं मशीन कुठंय?

बाबा : ते ह्याला विचारा.

मुलगा : भंगारवाल्याला दिलं. म्हणजे... सरप्राइज द्यायचं होतं.

बाबा : ते झालंच. सहा हजार औषधांचे उच्चार मी त्या आवाजाला एकेक करून शिकवले होते. नशीब माझं, प्रोग्रॅम आणि शब्दांची यादी पेनड्राइव्हवर माझ्या खिशात होती. टेबलावर असती, तर तीही ह्यानं प्रेमानं भंगारात घातली असती. सोमवारी सकाळी आठवड्याचं काम येतं, मेकॅनिक. त्याच्या आधी माझा आवाज मला परत हवा.

मुलगा : पण वॉरंटी जाईल, बाबा!

बाबा : जाऊ दे. तिला तरी ह्या घरातून सुटका मिळेल.

मेकॅनिक : एकदा पुसलं की परत नाही हं, काका. पुसू?

बाबा : पुसा.

(अर्ध्या तासाने)

मेकॅनिक : काका, गोची झाली. भाषा निवडा म्हणून थांबलंय, आणि कीबोर्ड चालत नाही. माउसही नाही.

मुलगा : घ्या! नवी गेली आणि जुनी आली नाही. आता काय करायचं?

बाबा : काही बिघडलेलं नाही. त्या सिस्टीमच्या काळात असली नव्या जातीची यूएसबीची भोकं नव्हती, तिला ती ओळखताच येत नाहीत. तुमचा लॅपटॉप उघडा. तुमच्या पेनड्राइव्हवरच्या सिस्टीममध्ये आधी ही भोकं ओळखणारा ड्रायव्हर मिसळा, आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करा.

मेकॅनिक : हे तुम्हाला कसं माहीत?

बाबा : दोन दिवस फोनवरून दिसेल त्या जाणकाराला छळलंय मी.

मेकॅनिक : मग पुसायच्या आधी बोलायचं ना, काका!

बाबा : धंदा तुमचा आहे. मला वाटलं, ठाऊक असेल.

मेकॅनिक : करतो... हां, मिसळला. लागलं. कीबोर्ड उठला, काका! मानलं तुम्हाला.

बाबा : माना नंतर. आधी माझा प्रोग्रॅम टाका, यादी टाका, नेटची वायर जोडा. आणि तो पडदा काढून खाली ठेवा. मला कोपर टेकायला जागा लागते.

मुलगा : बाबा, निदान पडदा तरी राहू द्या. मला बघता येईल, तुमचं काय चाललंय ते.

बाबा : इतकी वर्षं नाही बघितलंस, तेव्हा माझं काही अडलं नाही. काढा हो.

मेकॅनिक : काढला. (तासाभराने) घ्या, झालं सगळं. बोलायला लावून बघा.

बाबा : आहाहा! हाच. हाच तो. थांबा, टपाल बघतो. तीन दिवसांचं साचलं असेल.

मुलगा : हे काय बोलतंय? ह्यात शब्द तरी आहेत का? मला तर नुसती खडखड ऐकू येतेय.

मेकॅनिक : मलाही. काका? काय झालं? प्रोग्रॅम नीट नाही बसला का?

बाबा : अगदी नीट बसलाय. दवाखान्याचं पत्र आहे, बुधवारचं. थांब रे, तुझ्यासाठी हळू करतो. तुझ्या कानांना झेपेल इतकं.

संगणक : महोदय. आपल्या चिरंजीवांनी फोनवर कळवल्याप्रमाणे, प्रकृतीच्या कारणास्तव आपण काम थांबवू इच्छिता. त्यानुसार सोमवारपासून आपल्याकडे काम पाठवले जाणार नाही. सव्वीस वर्षांच्या सेवेबद्दल आम्ही आपले आभारी आहोत.

मुलगा : बाबा, मी सांगणारच होतो तुम्हाला.

बाबा : काय झालंय माझ्या प्रकृतीला?

मुलगा : पाठ दुखते म्हणता. दिवसभर कानाला हेडफोन लावून बसता. म्हटलं आता पुरे, आराम करा, नव्या संगणकावर गोष्टी ऐका. आणि लोक मला विचारतात हो. वडील आंधळे, सत्तरीला आले, तरी कामाला जुंपलंयस? काय सांगू मी त्यांना?

बाबा : अस्सं. म्हणजे लाज तुला वाटते आणि आराम मी करायचा.

मेकॅनिक : मी निघतो, काका.

बाबा : बसा. टाइप करून बघायचंय अजून. तुम्ही काही कुणाच्या पाठीमागे केलेलं नाही.

मुलगा : मी आत्ता फोन करतो त्यांना. गैरसमज झाला म्हणतो.

बाबा : माझ्या वतीनं तू कुणालाही फोन करायचा नाहीस. आज नाही आणि पुढंही नाही.

मुलगा : मग हे काय करताय?

बाबा : उत्तर लिहितोय. 'माझी प्रकृती ठणठणीत आहे. मी काम सोडलेलं नाही, मला कुणी विचारलेलंही नाही. सोमवारचं काम नेहमीप्रमाणे पाठवावं.'

मुलगा : आणि त्यांनी दुसरं कुणी बघितलं असेल तर?

बाबा : तर तसं ते मला कळवतील. मला.

मुलगा : बाबा, चुकलं माझं. पण माझं एकदा ऐका तरी...

बाबा : जरा गप्प बस. मी काय लिहितोय ते मला ऐकू येऊ दे.