घंटा झाल्यावरची प्रार्थना

(कोरियाच्या दक्षिणेला, गोसंगचा किनारा. अंगणात कालवं फोडणं चाललंय. बोमीच्या पाठीला तान्ही लेक जीऊ बांधलेली. समोर तिचे अप्पा, गावच्या ख्रिस्ती मंडळीचा कारभार बघणाऱ्या ‘वडिलां’पैकी एक.)

बोमी : आई दवाखान्यात जाताना मला बजावून गेली होती. गुडघा बरा होईपर्यंत पहाटेच्या प्रार्थनेला अप्पांच्या शेजारी तू बस, त्यांना घंटा ऐकू येत नाही. मी म्हटलं, मला पोर झोपू देत नाही, आणि त्या घंटेचं एवढं काय.

अप्पा : तुझा काय दोष. बहिरा मी.

बोमी : कानाचं यंत्र आणून दिलंय की.

अप्पा : ते घातलं की शिंपले डोक्यातच फुटतात. हातमोजा घाल गं, बोट कापशील.

बोमी : विषय बदलू नका. सोमवारपासून तुम्ही प्रार्थनेला गेला नाहीत. काल पाळक दाराशी आले तर न्हाणीत जाऊन बसलात.

अप्पा : पोट बिघडलं होतं.

बोमी : ते चहा पिऊन, जीऊला खेळवून, परत गेले तरी? एवढं बिघडलं होतं?

अप्पा : तू तिथं नव्हतीस, बोमी. सगळे एकदम मोठ्यानं मागत असतात. कुणाचं कुणाला कळत नाही, म्हणून तर माणूस पोटातलं ओठावर आणतो. माझे डोळे मिटलेले. पाळकांनी थांबायची घंटा वाजवली असेल, सगळे गप्प झाले असतील. मी आपला चालूच. डोळे उघडले तर सगळी मंडळी वळून माझ्याकडे बघतेय. लाज वाटली गं. माझी नाही. तुझी अब्रू मी चव्हाट्यावर मांडली.

बोमी : मांडलीत खरी. मासळीवाल्या क्वन मावशींनी आज सुक्या मांदेलीची मूठ जास्त घातली. म्हणाल्या, ‘किनाऱ्याचा कातळ दहा कोटी वर्षांचा म्हणतेस ना बाई, आम्ही करतोय हो तुझ्यासाठी प्रार्थना.’

अप्पा : मग, घेतलीस मांदेली?

बोमी : घेतली. सोडू कशाला?

अप्पा : हसण्यावारी नेऊ नकोस. रविवारी जीऊचा बाप्तिस्मा. मंडळीतला वडील म्हणून पाण्याचं भांडं मी धरायचं, आई म्हणून विश्वास तू कबूल करायचा. आणि बाकावर जो तो मनात म्हणणार, हिचा कसला विश्वास, हिच्या बापानंच सांगितलंय. त्यापेक्षा मी वडीलपण सोडतो. भांडं दुसरं कुणी धरेल.

बोमी : दुसऱ्या कुणी धरलं तर मी जीऊला आणणार नाही.

अप्पा : बापाला धमकी?

बोमी : धमकी नाही, सांगून ठेवते.

अप्पा : मग एकदा म्हणून टाक ना, बायबलच्या हिशोबानं सगळं जग सहा हजार वर्षांचं. तोंडदेखलं म्हण. कुणाचं काय जातंय?

बोमी : अप्पा, संग्रहालयातून मुलांना घेऊन मी रोज त्या कातळावर जाते. डायनासोरच्या पावलांचे ठसे दाखवते. पोरं विचारतात, किती जुने? रविवारी सहा हजार सांगू आणि सोमवारी दहा कोटी?

अप्पा : ठसे तू मला नको सांगूस. ओहोटीला एकेका पावलात पाणी साचायचं, त्यातली कोळंबी पकडून वाढलोय मी. पण देवानं आदामला तान्हं बाळ थोडंच केलं? एकदम बाप्या केला. तसा दगडही जुनाच केला असेल, ठशांसकट.

बोमी : वरून कुणी न चालताच?

अप्पा : त्याला काय अवघड आहे?

बोमी : तुम्ही कालवं वजनाला घालायच्या आधी पाणी निथळून घेता. सगळा बाजार हसतो तुम्हाला. पाण्याचं वजन गिऱ्हाइकाच्या माथी मारायचं नाही म्हणता. आणि देव मात्र कधी कुणी न चाललेली पावलं उमटवून ठेवणार, आणि आपल्याला फसवणार?

अप्पा : थांब जरा.

बोमी : बोला ना. रागावलात?

अप्पा : नाही. शब्द शोधतोय. मला हिशोबाचं काही पडलेलं नाही, पोरी. कोटी काय नि हजार काय. मला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. बायबलचं पहिलं पान निसटलं की शिवण उसवते. मग शेवटची पानंही जातात. तुझ्या दादाला समुद्रानं नेलं, तेव्हापासून मी त्या शेवटच्या पानांवर दिवस काढतोय. समुद्र आपल्या पोटातली माणसं परत देणार, असं आहे तिथं.

बोमी : हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत.

अप्पा : कधी बोलणार? नववर्षाच्या जेवणाला तू भरल्या पानावरून उठून गेलीस.

बोमी : तुम्ही चारचौघांत विचारलंत, ‘मग तुझा बाप काय माकड?’

अप्पा : ते चुकलंच माझं. तुझी आई अजून सुनावते.

बोमी : जीऊ तापली होती ना, दवाखान्याच्या बाकावर तिला मांडीवर घेऊन मी मागत होते. तिचा एकेक श्वास बघत होते नि मागत होते. तेव्हा पृथ्वीचं वय मनात आलं नाही. ऐकणारा कुणीतरी आहे, असंच धरून चालले. काही दिवस तो आहे वाटतं, काही दिवस नाही वाटत. पण दादा भेटावा असं मलाही वाटतं, अप्पा. दगड कितीही जुना निघाला म्हणून ते कमी नाही होत.

अप्पा : पण हे रविवारी चालेल का? पाळक काय म्हणतील?

बोमी : विचारलं मी त्यांना, तुम्ही न्हाणीत होतात तेव्हा. म्हणाले, बाप्तिस्म्याच्या प्रश्नांत वर्षं विचारत नाहीत.

अप्पा : असं म्हणाले?

बोमी : असंच म्हणाले. आता एक मला सांगा. मावशींनी दहा कोटींपर्यंतच सांगितलं. पुढचं विचारलं तर एप्रनला डोळे पुसत बसल्या. काय मागत होतात?

अप्पा : जाऊ दे गं.

बोमी : सगळ्या गावाला माहीत नि मलाच नको?

अप्पा : म्हटलं, देवा, पोर दहा कोटी म्हणते. तिचं खरं असेल तर तसं. पण पुन्हा तिला माझ्या शेजारच्या पानावरून उठवू नकोस.

बोमी : हे मागत होतात?

अप्पा : म्हातारा माणूस, काहीबाही बोलतो.

बोमी : आणि एवढं सगळं बोलून होईपर्यंत कुणी तुम्हाला थांबवलं नाही?

अप्पा : नाही ना. निदान कुणी हात तरी लावायचा.

बोमी : थांबवतील कशाला, अप्पा. बरं, उद्या पहाटे मी येते. जीऊला असंच पाठीला बांधून. घंटा झाली की तुमचा हात दाबेन.

अप्पा : नुसती बसणार, का तूही मागणार?

बोमी : मागेन की.

अप्पा : काय मागशील?

बोमी : ते तुम्हाला थोडंच ऐकू येणार आहे.

अप्पा : मग जरा मोठ्यानं माग.