फडताळातली रेघ

आदरणीय अध्यक्षसाहेब, व्यासपीठावरचे संचालकसाहेब व मान्यवर, केंद्रातली सगळी मंडळी आणि जमलेल्या बंधुभगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी मॅट्रिक झालेली गृहिणी. यांच्या निवृत्तीच्या निरोपाला चार शब्द बोला म्हणालात, म्हणून उभी राहिले. एकतीस वर्षं यांनी आकाशाला कान लावला. घरातली हाक मात्र तिसऱ्या खेपेशिवाय ऐकू गेली नाही. हसा, हेही हसताहेत.

दूरच्या केंद्रातून निघालेली रेडिओलहर वर आयनांबर नावाच्या हवेच्या उंच थरावर आपटून इथे येते, यंत्र कागदावर तिची रेघ काढतं. सूर्य मावळताना ती रेघ ठरल्या वेळी खाली वाकते, माझ्या सायंप्रार्थनेइतकी नेमानं.

नऊ वर्षांपूर्वी आठ दिवस ती वेळेआधीच वाकू लागली. "यंत्र बिघडलंय," म्हणत यांनी भाग बदलला आणि वाया गेलेली गुंडाळी घरी आणली. चांगला जाड कागद, टाकायचा कशाला? कोरी बाजू वर करून मी फडताळात अंथरत होते, तेवढ्यात धाकट्या बहिणीचा फोन आला.

"ताई, चार दिवस येऊ का गं?"

"आत्ता पसारा काढलाय बाई, पुढच्या आठवड्यात ये."

तिसऱ्या दिवशी तिच्या गावात भूकंप झाला. ती गेली.

पुढे एकदा, भूकंपाआधी रेघ अशी वाकते म्हणे असं काही वाचून, हे केंद्रातून आले ते थेट स्वयंपाकघरात. "अगं, ती गुंडाळी कुठाय?"

"जाळली," मी म्हणाले. देवाशपथ, खोटं बोलले. यांचा चेहरा बघवत नव्हता.

भूकंपाआधी लहर अशी वाकते का? ठामपणे कुणालाच सांगता येत नाही, सूर्यामुळेही तसं होतं, असं हेच सांगतात. पण फडताळातल्या त्या कागदाची शाई कोऱ्या बाजूवर उमटलीय. साखरेचा डबा उचलला की रेघ दिसते, आणि कानात येतं, "येऊ का गं?"

मघाशी संचालकसाहेब म्हणाले, यांच्या नोंदींत एकही दिवस गहाळ नाही. तेव्हा यांनी मान खाली घातली, मी पाहिलं. साहेब, आठ दिवस कमी आहेत. ते या पिशवीत आहेत. उद्यापासून यांना केंद्रात येऊन जुन्या नोंदींशी ताडून बघता येणार नाही, म्हणून आज आणले.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. नऊ वर्षं बोलले नाही, त्याची क्षमा मात्र यांनीच करायची.

अहो, घ्या. वाचायचा चष्माही आणलाय.