कप्तानाच्या बायकोची खिडकी

भाचा : ...आणि मी बंदराच्या साहेबांना तोंडावर सांगितलं. म्हटलं, साहेब, ती गोष्ट खोटी आहे. कप्तान खोटा, त्याची बायको खोटी, आणि खिडकीतला कंदील माझ्या आत्याचा आहे.

आत्या : मग?

भाचा : मग काय. हसले. माझ्यासाठी चहा मागवला.

आत्या : त्या ट्रंकेची ती कडी धर जरा. बोलता बोलता धर.

भाचा : ऐकून तर घे आधी.

आत्या : ऐकतेय की. ऐकायला हात लागत नाहीत. धर. हं, आता बोल.

भाचा : म्हणाले, आत्याची खोली संग्रहालयासाठी जातेय म्हटल्यावर तुम्ही असं बोलणारच, माणूस आहात. पण इतकी वर्षं गाव दाखवायच्या फेरीतल्या लोकांना डोळ्यांत पाणी आणून जे सांगितलंत, ते आता खोटं कसं मानायचं? मी म्हटलं, अहो, पाणी वाऱ्यामुळे येतं. त्या भिंतीपाशी उभं राहिलं की कोणाच्याही डोळ्यांतून येईल.

आत्या : हे बरं बोललास.

भाचा : त्यावर पुन्हा हसले. म्हणाले, काय रंगवून बोलता हो तुम्ही. माझं नशीबच फुटकं, आत्या. मी काहीही बोललो तरी लोकांना त्यात गोष्टच दिसते.

आत्या : आणि खिडकीच्या दगडाचं? ते सांगितलंस की विसरलास?

भाचा : सांगितलं. म्हटलं, तो खड्डा कोणाच्या कोपराने पडलेला नाही. आमचे आतोबा धक्क्यावर दोरखंडाचं काम करायचे. रोज कामावर निघताना त्या दगडावर सुरी घासायचे, त्यानं दगड झिजला. तर तिथे त्या इतिहासवाल्या बाई बसल्या होत्या. त्यांनी त्या खड्ड्यावर मोठा लेख लिहिलाय. नवऱ्याची वाट बघणाऱ्या बाईच्या कोपराने झिजलेला दगड म्हणे. मला म्हणाल्या, ही सुरीची गोष्ट मागाहून कोणीतरी जोडलेली दिसते.

आत्या : मागाहून?

भाचा : हो.

आत्या : खोकला लागला तरी घासायचे रे. मी म्हणायचे, अहो, सुरी राहील आणि दगड संपेल. शेवटी खोकून खोकून याच खोलीत गेले, त्यांची कोणी गोष्ट केली नाही. आणि जी बाई जन्मालाच आली नाही, तिच्या कोपरावर लेख.

भाचा : चूक माझीच आहे.

आत्या : तुझ्या एकट्याची कशाला? मीही होतेच की त्यात. तू इथे बसून कुरकुरत होतास.

भाचा : रडत होतो. बंदराच्या कमानीपाशी लोक खूश, मासळीबाजारात खूश, घड्याळाच्या मनोऱ्याखाली फोटो काढून घ्यायचे. तटावर चढवलं, तोफा दाखवल्या, खाली समुद्र पसरलेला बघितला की मला काही बोलावंच लागायचं नाही. पण तटावरून उतरलं की इथपर्यंत नुसती भिंत, खारा वारा आणि दुखणारे पाय. अर्धी माणसं मधूनच मागे फिरायची.

आत्या : म्हणून मी म्हटलं, लहान पोरांना चालवत नेताना पुढे खाऊ आहे म्हणतात, तसं काहीतरी ठेव शेवटी. तू म्हणालास, काय ठेवू? मी म्हटलं, माझी खिडकी ठेव.

भाचा : कप्तान मी आणला.

आत्या : कप्तान तुझा, बाकी सगळं माझं. फुगून न उघडणारं दार माझं. तो परत येईपर्यंत वेणी घालणार नाही, हेही माझंच. बायकांना तेच आवडतं, तू म्हणायचास.

भाचा : अजून आवडतं. आणि ती शिंक आठवते?

आत्या : न आठवायला काय झालं? तू सांगितलंस, पडदा ओढून मागे बस, हातसुद्धा दिसू देऊ नकोस, दिवा आपोआप लागल्यासारखा वाटला पाहिजे. आणि नेमकी मला शिंक आली. खाली एक जण किंचाळलाच.

भाचा : पुढच्या शनिवारी रस्त्यात उभं राहायला जागा नव्हती. मला वाटलं, आपण जिंकलो.

आत्या : बरं, खोलीचं काय म्हणाले साहेब ते सांग. तेवढंच टाळतोयस तू.

भाचा : काय सांगू?

आत्या : जे असेल ते. उद्या सकाळी सामानाला गाडी येणार हे तर मला ठाऊकच आहे. थोडी मुदत मिळेल का, एवढं विचारायला तू गेला होतास.

भाचा : म्हणाले, खोली बंदराची. नवऱ्याच्या नोकरीवर मिळालेली. ते गेले तेव्हाच सोडायला हवी होती. मी म्हटलं, तेव्हा कोणी मागितली नाही, नंतर कोणी विचारलं नाही, म्हातारी बाई आहे, जिथे राहिली तिथे राहू दे. निदान दुसरी एखादी खोली द्या. तर म्हणाले, राहणाऱ्याला बदली खोली मिळते. पाहणीला आमची माणसं आली होती, त्यांना कोणी राहताना दिसलं नाही.

आत्या : कधी आली होती माणसं?

भाचा : फेरीतून. माझ्याच फेरीतून. मी खाली उभा राहून सगळ्यांना सांगत होतो, कप्तानाची बायको गेल्यापासून वर कोणी राहत नाही, तरी दिवा लागतो. आणि तू पडद्यामागे बसली होतीस.

आत्या : श्वास रोखून.

भाचा : आता म्हणतात, तुमच्या आत्या मागाहून घुसल्या. मी शेजारच्यांना घेऊन येतो म्हटलं, तर म्हणे, शेजारी तुमचेच. आत्या, मी हात जोडले त्यांच्यापुढे. आणखी काय करू ते मला समजत नाही.

आत्या : काही करू नकोस. तो पाट दे इकडे, त्यावर बसते. कंबर धरली.

भाचा : तू आमच्याकडे चल.

आत्या : तुमच्याकडे? सासरे पॅसेजमध्ये, पोरं पलंगाखाली, तू स्वतः गॅलरीत पाय बाहेर काढून झोपतोस. मला काय फडताळात ठेवणार?

भाचा : ठेवीन कुठेतरी.

आत्या : नणंद ये म्हणाली आहे. जाते तिच्याकडे. घर मोठं आहे तिचं, मनही वाईट नाही. फक्त समुद्र नाही तिथे. मागे चार दिवस राहिले होते, डोळ्याला डोळा लागला नाही. इथे लाट भिंतीवर आपटते ना रोज, तो आवाज थांबला की मला वाटतं, यांचा श्वास थांबला. तसंच झालं होतं त्या दिवशी. ओहोटी होती आणि सगळं गप्प झालं होतं.

भाचा : हे तू कधी बोलली नाहीस.

आत्या : तू कप्तानाचं विचारायचास. मला जायचं नाही रे. तुझ्यापाशी म्हणून सांगते. या वयात दुसऱ्याच्या घरात कुठली भांडी कुठे ठेवायची हे विचारत फिरायचं, माझ्याने नाही व्हायचं. पण जाईन. न जाऊन काय करू?

भाचा : मी आज फेरीत खरं सांगणार आहे. सगळं.

आत्या : साहेब येणार आहेत ना आज फेरीला? तूच म्हणालास परवा.

भाचा : येऊ देत. ऐकू देत.

आत्या : आणि नोकरी? इथे संग्रहालय झालं की तुलाच इथे उभं करणार आहेत बोलायला. कायमची नोकरी, पावसापाण्यात पायपीट नाही. पोरांच्या शाळेचं बघ जरा.

भाचा : तुझ्या खोलीत उभं राहून, तुझ्या चुलीपाशी, कप्तानाच्या बायकोचा स्वयंपाक म्हणून बोट दाखवायचं? जीभ झडेल माझी.

आत्या : झडत नाही जीभ. इतकी वर्षं झडली का? घे ती नोकरी. एक तरी जण या खोलीत राहील आपल्यातला.

भाचा : नाही घेणार.

आत्या : हट्टी आहेस. आजोबांवर गेलास. बरं, माझी शाल कुठे टाकलीस? आज मी खाली येणार आहे.

भाचा : खाली? आणि कंदील?

आत्या : लावून येते की. तो काय मला धरून बसतोय? इतक्या वर्षांत गोष्ट मी वरूनच ऐकली, निम्मी वाऱ्यात उडून जायची. एकदा बघू दे खालून कशी दिसते माझी खिडकी. लोक एवढं काय बघतात तिच्यात.

(संध्याकाळ. भिंतीलगतच्या रस्त्यावर फेरीची माणसं थांबली आहेत. वरच्या खिडकीत कंदील लागला आहे. आत्या शाल लपेटून सगळ्यांच्या मागे उभी आहे.)

भाचा : ...तर या खिडकीत एका कप्तानाची बायको बसायची, असं मी आजवर सांगत आलो. साहेब, तुम्हीही पुढे या, नीट ऐका. कप्तान कोणी नव्हता. इथे धक्क्यावर दोरखंडाचं काम करणारा एक माणूस राहायचा आणि त्याची बायको. तो रोज सकाळी त्या दगडावर सुरी घासायचा. एका ओहोटीला तो गेला. ती राहिली. हा दिवा तीच लावते, मी लाव म्हटलं म्हणून. पडद्यामागे लपते, तेही मी सांगितलं म्हणून. आणि मी लपवली, म्हणून उद्या तिला इथून काढणार आहेत. पुढे माझ्याकडे गोष्ट नाही.

टोपीवाली बाई : अगं बाई, काटा आला अंगावर. माझी बहीण मागे येऊन गेली होती, तिला कप्तानाची सांगितली होती तुम्ही. ही तर त्याहून छान आहे. साहेब, हीच ठेवा हो आता.

भाचा : बाई, हे रचलेलं नाही. ती माझी आत्या आहे. त्या बघा, तुमच्या मागे, शाल घेतलेल्या. त्यांनाच विचारा.

टोपीवाली बाई : या? आजी, तुम्हालाही घेतलंय वाटतं यांनी गोष्टीत. खरं सांगा, तुम्ही राहता वर?

भाचा : सांग, आत्या. साहेबही ऐकतायत. एकदा सांगून टाक.

टोपीवाली बाई : सांगा ना, आजी.

आत्या : नाही हो. थट्टा करतो तो. वर कोणी राहत नाही.