शेवटच्या खड्यानंतर

नाही येणार म्हटलं ना मामा — फाटकापाशी सांगितलं, जिन्यात सांगितलं, आता इथं टेबलापाशी परत सांगतो. बसा. त्या खुर्चीवर नको, ती दादाची — म्हणजे बसतो आता मीच तिच्यावर, पण दुसरं कुणी बसलं की मला कसंतरीच होतं. ते स्टूल घ्या. आणि पिशवी मांडीवर घेऊन बसू नका, गाडीची वाट बघत बसल्यासारखे दिसता. स्टुडिओतले सगळे जेवायला खाली गेलेत, एवढ्यात कुणी वर येत नाही, काय बोलायचं ते बोलून घ्या. गॅरेजवाल्याला शब्द दिलाय? मग तुम्हीच जा की कामाला, मला विचारून दिला होता का? दादा गेला, तुम्ही मला त्याचं सामान आणायला धाडलंत, चार कपडे आणि एक गादी, लगेच परत ये म्हणालात — नाही आलो. नाही आलो म्हणजे पळालो नाही. फोन उचलत होतो. बरं, एखाद-दोनदा नसेल उचलला.

आणि ते एक वाक्य माझ्यासमोर बोलायचं नाही. चित्रांच्या नादानं पोरगं गेलं — हे तिकडं सगळ्या गल्लीत सांगत फिरा, इथं नाही. चित्रांनी नाही मारलं त्याला, ट्रकनं मारलं. भर दुपारी, या खिडकीखालच्या रस्त्यावर, रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकनं. हातात चहाची किटली होती त्याच्या. आपल्याकडं काय ट्रक नाहीत? दिवसभर दारावरून जातात, तुमचा स्वतःचा मेव्हणा ट्रक चालवतो, त्याला कधी बोललात? पण दादा अ‍ॅनिमेशन शिकायला म्हणून बाहेर पडला ना, मग त्याच्या मरणातसुद्धा त्याचाच दोष काढायचा. काढा. मी नाही काढू देणार.

नोकरी? लागली की. म्हणजे — लागल्यासारखीच. हसू नका. हा बारक्या आठवीत शाळा सोडून वर्कशॉपात ग्राइंडरवर बसला, याला इथं कोण घेणार, हेच ना? हे बघा, या काचेखाली दिवा आहे. हे चित्र ठेवायचं, वर दुसरा कागद, खालचं दिसतं. दादा मुख्य चित्रं काढायचा — अस्वलीण बसलीय, अस्वलीण उठली. बसण्यापासून उठण्यापर्यंतची सगळी मधली चित्रं कुणीतरी काढायची असतात, ती मी काढतो. पाच कागद असे बोटांत धरायचे आणि भराभर सोडायचे — बघा, उठली! बघितलंत? तुम्ही मान मागं घेतलीत मामा, खोटं बोलू नका. माझी रेघ जाड येते, इथल्या हेडबाई म्हणतात हा पोरगा रेघ नाही मारत, दोरखंड घालतो. पण हाकललं नाही त्यांनी. अस्वलाच्या अंगाला जाड रेघ चालते.

लहान मुलांचा सिनेमा आहे हो. एक अस्वलीण, तिचं पिल्लू हरवतं, आणि शेवटी सापडतं — सापडतं, तोंड नका पाडू. यात एक म्हातारं अस्वल आहे, सगळ्यांना नुसतं दटावत असतं, ते दादानं तुमच्यावरून काढलंय. मिशीसकट. इथली सगळी पोरं तुम्हाला ओळखतात, मघाशी जिन्यात ती मुलगी उगाच नाही हसली. पण ते जाऊ द्या. सामान आणायला आलो त्या दिवशी हेडबाईंनी मला इथं बसवलं, म्हणाल्या, तुझ्या भावाचं अर्धवट राहिलेलं बघून जा. पडद्यावर लावलं. अस्वलीण गुहेत येते, पिल्लू नाही. पिल्लाचे खेळायचे खडे तेवढे पडलेत. ती ओरडत नाही, धावत नाही — बसते, आणि खडे सरळ करायला लागते. एकेक. ओळीनं. मोठा, त्याहून लहान, त्याहून लहान. मी म्हटलं, बंद करा. ही माझी आई आहे.

आठवलं ना? बाबा गेले तेव्हा उशाशी त्यांच्या औषधांच्या बाटल्या होत्या, आणि आई रडायच्या आधी त्या बाटल्या नीट लावत बसली होती, नावं सगळी पुढं करून. मी नव्हतो तिथं, मला बाहेर लोकांना खुर्च्या द्यायला लावलं होतं. दादा होता. बघत उभा होता, मांडीवर बोट फिरवत. आणि तुम्ही त्याच्या कानाखाली वाजवलीत. भरल्या घरात. आईचा तमाशा बघतोस आणि चित्रं काढतोस, असं म्हणालात — आवाज मला अंगणात आला. पिशवी भरून तो इकडं निघाला तो त्यानंतरच, तुम्ही म्हणता तसं नादाला लागून नाही. तमाशा नव्हता तो बघत, मामा. ते कुठंतरी राहावं म्हणून बघत होता. तुम्हाला आता आई आठवते का बाटल्या लावताना? मला तर दिसलीच नव्हती. त्याच्यामुळं दिसली.

हा आरसा? तोंड बघायला नाही, म्हणजे तोंड बघायलाच. इथं प्रत्येकाच्या टेबलावर असतो, राग काढायचा तर आधी आरशात रागवायचं, मग कागदावर. दादा दिवसभर यात तोंडं वेडीवाकडी करायचा म्हणे. मी पहिल्यांदा बसलो आणि यात तो दिसला — नाक तेच ना आमचं. रडायला आलं. आणि काय झालं सांगू का — नको. बरं, सांगतो. रडता रडता मी बघितलं, आधी डोळे नाही जात, आधी हनुवटी जाते. आत ओढल्यासारखी. आणि मी पेन्सिल घेतली. भाऊ गेलाय आणि मी हनुवटी काढतोय. लाज वाटली, पण हात थांबेना. तेव्हा कळलं त्याला कानाखाली खाताना काय वाटलं असेल ते.

आई कशी आहे? तुम्ही काही बोलला नाहीत तिच्याबद्दल, मघापासून नुसतं गॅरेज गॅरेज. जेवते का? — डबे लावते म्हणजे? स्वयंपाकघरातले? काढते, पुसते, परत लावते. लावलेलेच परत? सगळा दिवस? आणि रडली? एकदाही नाही — माणसं भेटायला आली तेव्हासुद्धा नाही?

मग मी घरी येऊन काय करू मामा? तिच्याशेजारी बसून डबे पुसू? तिनं माझ्याकडं बघितलं तर नाक तेच दिसणार ना तिला. नाही येत मी. हे काम सोडून नाही येत. — किती राहिलंय? राहिलंय अजून. राहिलंय हो बरंच. असं नका बघू. बरं, नाही राहिलं. एवढा एक तुकडा राहिलाय. बाकी सगळी चित्रं कधीच झालीत, मी झालेली खोडून परत काढतो. हेडबाईंना कळलंय ते, पण बोलत नाहीत. हा तुकडा संपला की खुर्ची मोकळी करायचीय, तसं ठरलंच होतं. नोकरी-बिकरी काही नाही. झालं समाधान? पण तुकडा राहिलाय हे खरंय, शप्पथ. दादाचं हे चित्र — शेवटचा खडा सरळ झाला. हे त्याच्यानंतरचं — रडली. मधलं त्यानं सांगून ठेवलं नाही. सगळे खडे लावून झाले, लावायला काही उरलं नाही, तेव्हा हात कुठं जातो? हेडबाई म्हणतात, तिथं हात नको, नुसतं तोंड दाखवू. मी म्हटलं नाही. भांडलो त्यांच्याशी. तोंड कुणीही दाखवेल. दादाला माहीत होतं, त्यानं बाटल्यांनंतरचा हात बघितला होता, आणि तेवढ्यात तुम्ही —

हां, मारलंत. तेच म्हणतोय. आता कबूल करून काय होणार. भाचा तुमचा, मारलंत, झालं. पाणी देऊ? पिशवी पडली बघा खाली, राहू द्या तिथंच. आणि पेन्सिलींना हात लावू नका, त्या माझ्या ठरलेल्या —

मामा.

कधी लावल्यात या? आत्ता, मी बोलत असताना? मोठी, त्याहून लहान, त्याहून लहान, टोकं सगळी एकीकडं. आणि ही शेवटची — ही सरळ होती. मी बघितली, सरळच होती. तुम्ही बोटानं ती परत वाकडी केलीत. आणि आता परत सरळ करताय.

थांबा. थांबा, हात काढू नका. पुन्हा करा तसंच. नाही, हळू — मघाशी बोट आधी टोकापाशी थांबलं होतं, तसंच थांबू द्या. आरशाकडं नका बघू, रडायचं तर रडा, नुसता हात सोडू नका. कागद घेतो मी. मारायचं तर नंतर मारा, गाल इथंच आहे.

आता बोलू नका.