काचेच्या कपाटातली बाहुली

टाळकरी बुवा, टाळ जरा खाली ठेवा. पखवाजावरचाही हात काढा. मंडळी, आज माझ्या तोंडून गोड काही येणार नाही, आधीच सांगतो. एकच प्रश्न आहे. विद्या द्यायची नाकारली तर ते पाप, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण दिली असं दाखवलं, शिक्का मारला, पेढे वाटले, आणि दिलीच नाही — तर त्याला काय म्हणाल? अहो, माना काय डोलवता! उत्तर द्या. नाही ना येत? मग ऐका.

एका तालुक्याच्या गावी नर्सिंगची शाळा. गावाचं नाव विचारू नका, तुम्ही लगेच तिथले पाहुणे शोधाल. त्या शाळेत आली कालिंदा. बाप लग्नात सनई वाजवणारा, आई शाळेत खिचडी शिजवणारी. पोरगी हुशार, पण हुशारीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे मनापासून आलेली. तिच्या आईचं एक मूल जन्मतःच गेलं होतं. तेव्हाच हिनं ठरवलं, आपल्या हातून असं कुणाचं जाऊ द्यायचं नाही.

शाळेत एक काचेचं कपाट. कपाटात बाळाएवढी बाहुली. जन्मलेलं बाळ रडलं नाही, तर तोंडावर मास्क बसवून, रबरी पिशवी दाबून श्वास कसा द्यायचा, हे शिकायची बाहुली. नीट जमलं की तिची छाती खऱ्या बाळासारखी वर येते. सरकारनं मुलींसाठीच पाठवलेली.

आणि ती कुठं? कपाटात! वरून प्लॅस्टिक, त्यावर कुलूप. आमच्या घरी लग्नात आलेला काचेचा डिनर सेट आहे. पाहुणे येतील म्हणून वीस वर्षं जपलाय. पाहुणे येतात, स्टीलच्या ताटात जेवून जातात. हसा, हसा! तुमच्याही घरी आहे.

किल्ली तुंगारे मॅडमकडं. बाई वाईट नव्हत्या हो. मुलींना ताप आला तर घरून पेज आणायच्या. पण बाहुलीचं नाव काढलं की म्हणायच्या, "हात लावून खराब करू नका गं. तपासणीला साहेब येतात, त्यांना नवी दिसली पाहिजे." साहेब यायचे, काचेतून बघायचे, "छान ठेवलीय" म्हणायचे. आणि खंडेनवमीला? कपाटाला झेंडूचा हार, काचेवर हळदकुंकू, पुढं नारळ! मंडळी, जिला हात लावायचा तिच्या पाया पडलो की आपलं काम भागलं. ही आपली जुनी खोड.

प्रात्यक्षिकाच्या वहीत काय लिहायचं? मागच्या वर्षीच्या मुलींचं बघून लिहायचं. "बाहुलीवर वीस वेळा सराव केला." खाली मॅडमची सही. कालिंदानंही लिहिलं. लिहिताना पेन एकदा थांबलं तिचं. मग शेजारणीकडं बघितलं, आणि लिहून टाकलं.

तुम्ही म्हणाल, बुवा, दवाखान्यात तरी शिकवत असतील. नेलं होतं की! एका खाटेभोवती चाळीस पोरी. कालिंदा बुटकी, मागच्या रांगेत. तिला दिसली ती पुढच्या मुलीची वेणी.

परीक्षेत प्रश्न आला, बाळ रडलं नाही तर काय कराल? कालिंदानं पानभर लिहिलं. पुसा, पाठ चोळा, तोंड साफ करा, तरी श्वास नसेल तर पहिल्या मिनिटाच्या आत पिशवीनं श्वास द्या. दहापैकी दहा! शाळेत पहिली आली. फोटो लागला, बापानं चौकात सनई वाजवली.

नोकरी लागली डोंगराकडच्या उपकेंद्रात. दुसऱ्याच महिन्यात भर दुपारी सोजर नावाची बाई आली, पहिलटकरीण. बरोबर सासू पारूबाई. दवाखान्याची गाडी बोलावली, पण घाट चढून यायला गाडीला पाऊण तास. सोजरला तेवढा दम कुठला! बाळ झालं. मुलगा. आणि रडेना.

कालिंदानं पुसलं. पाठ चोळली. तोंड साफ केलं. पाठ होतं सगळं, एक अक्षर चुकलं नाही. मग मास्क ठेवला, पिशवी दाबली. कडेनं फुस्स करून हवा गेली. पुन्हा दाबली, पुन्हा फुस्स. मान किती मागे करायची? बोटं कुठं धरायची? पुस्तकात लिहिलं होतं, तिनं वाचलंही होतं. पण बोटांना कुणी सांगितलं होतं का हो? सोजर खाटेवरून विचारत होती, "ताई, का रडत नाही? ताई, बोला ना." कालिंदा दाबत राहिली. गाडी आली तेव्हाही ती दाबतच होती. ड्रायव्हरनं तिचा हात धरून बाजूला केला.

आता तुम्हाला वाटेल, लोकांनी तिला शिव्या घातल्या. नाही! पारूबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाली, "देवाची मर्जी, पोरी. तू लई झटलीस."

इथं माझं डोकं फिरतं, मंडळी. देवाची मर्जी? कपाटाला कुलूप देवानं घातलं होतं? वहीवर सही पांडुरंगानं केली होती? आपण झोपायचं, आणि नाव त्याचं घ्यायचं! त्या पोरीला शिवी चालली असती. ही माया तिला सोसवेना. चौथ्या दिवशी राजीनामा लिहिला आणि एसटी धरून शाळेत आली.

तुंगारे मॅडमनी ऐकलं, पाणी दिलं. "अगं, सुरुवातीला होतं असं. मन घट्ट कर. तू तर माझी पहिली आलेली मुलगी."

"मॅडम, कपाट उघडा."

"आता कशाला?"

"उघडा. आणि मला करून दाखवा."

मॅडमनी किल्ली काढली. प्लॅस्टिक फाडलं. बाहुली टेबलावर ठेवली, मास्क ठेवला, पिशवी दाबली. फुस्स. पुन्हा दाबली. छाती हलेना. तिसऱ्यांदा दाबली, आणि मॅडम खुर्चीत बसल्या.

"मला येत नाही गं," त्या म्हणाल्या. "मी इथं शिकले तेव्हाही ती कपाटातच होती."

बाहुलीच्या पेटीत चित्रांचा एक कागद होता, घडीही न मोडलेला. तो कालिंदानं पसरला. खांद्याखाली टॉवेलची घडी. मान फुलाचा वास घेताना होते तेवढीच मागे. दोन बोटांनी मास्क दाबून धरायचा, उरलेल्या तिन्हींनी हनुवटी वर. दाबली, फुस्स. दाबली, फुस्स. दारात नव्या वर्गाच्या मुली जमल्या. कितव्यांदा कोण जाणे, छाती वर आली. खाली गेली. पुन्हा वर आली.

भिंतीवरच्या घड्याळात वीस मिनिटं झाली होती.

"एवढंच होतं, मॅडम?" कालिंदा म्हणाली. "वीस मिनिटांचं?" आणि जी रडायला लागली, ती मुलींना आवरेना.

राजीनामा तिनं फाडला नाही, दिलाही नाही. पर्समध्येच आहे अजून. नोकरी करते. प्रत्येक बाळंतपणाच्या आधी मास्क आणि पिशवी तीन-तीनदा तपासून बघते. शाळेनं तिला गुण दिले, धीर दिला नाही. धीर हाताला येत असतो, मंडळी. हाताला काम येत असलं की मन आपोआप उभं राहतं. पोरं खचली, पोरं खचली म्हणून आपण भाषणं ठेवतो. अहो, त्यांना काहीतरी खरोखर येऊ तरी द्या!

तुंगारे मॅडमना नावं ठेवून घरी जाऊ नका. आपल्या गावच्या शाळेत कॉम्प्युटर आहेत, त्यांवर कापडं आहेत. दुर्बीण आहे, खोक्यात आहे. गॅदरिंगला तुम्हीच पुढच्या खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवता. निकालाच्या दिवशी पोराला विचारता, किती पडले? काय करता येतं, हे तुमच्यापैकी कुणी विचारलंय? हात वर करा. बघू.

एकही नाही.

मग आता विठ्ठल म्हणा. मोठ्यानं म्हणायला लाज वाटत असेल, तर हळू म्हणा.