कच्चं सिमेंट

हं, आता बोलायचं नाही — म्हणजे बोलता येणारच नाही म्हणा, कापूस कोंबलाय दोन्हीकडून, जबडा बधिर केलाय — तेव्हा आज मी बोलतो, जावईबापू, तुम्ही ऐका. आ करा. मोठा आ. परवा जेवताना केवढं तोंड चाललं होतं, तेवढं तरी उघडा! काय म्हणालात — परदेशी जायचं तर तयारी पद्धतशीर हवी. वा! चष्मे दोन-दोन करून घेतलेत, लोकरीचे मोजे झाले, लसी टोचून झाल्या, तिच्या नोकरीचा राजीनामासुद्धा तुम्हीच टाइप केलात, तिनं नुसती सही केली — आणि दात? दात सासऱ्याकडून, फुकटात! नाही, घ्या ना करून. मुलगी दिली तिथं दाढेचं काय घेऊन बसलात. हलू नका, सुई आहे आत.

दुखतंय? काही दुखत नाही. उगाच हात वर करायचा नाही. त्या दाढेत दुखायला उरलंयच काय — नस तर मी पहिल्याच सिटिंगला काढलीय — म्हणजे — साफ करावं लागतं ना पुन्हा पुन्हा. कच्चं सिमेंट भरायचं, आठवड्यानं उकरायचं, परत कच्चं भरायचं. पद्धत असते ती. असते म्हणजे असते! भुवया खाली घ्या.

बरं, नाही लागत एवढा वेळ. झालं समाधान? तुम्हीच म्हणालात ना, दाढ पुरी झाली की तिकिटं काढतो, तिकडच्या अनोळखी डॉक्टरच्या हाती मी तोंड देणार नाही. स्वतःची एक दाढ देववत नाही, आणि बायकोला अख्खी उचलून अनोळखी गावात नेऊन ठेवणार! तिला विचारलंत? विचारलंत म्हणे, आणि ती हसली म्हणे. हसली! अहो, लहानपणी इंजेक्शनच्या आधीसुद्धा ती अश्शीच हसायची. गेल्या महिन्यात ह्याच खुर्चीत बसली होती. दाढा बघितल्यात तिच्या? घासून सपाट झाल्यात. रात्रभर झोपेत करकरा दात खाते आणि तू शेजारी घोरत पडतोस! हो, तू म्हणालो. मी विचारलं, काय गं, काय झालं — तर रडायलाच लागली. तोंड उघडं, माझा आरसा आत, आणि डोळ्यांतलं पाणी सरळ कानात. आपलं पोर असं उताणं पडून रडताना बघवतं का कुणाला? आणि मग म्हणाली, बाबा, त्याच्या दाढेला जरा वेळ लावाल का —

नाही. असं काही म्हणाली नाही ती. माझ्याच डोक्यातलं आहे. मीच आपला — अहो, उठताय कुठे, नळी अडकेल! शपथ घातली होती तिनं मला. कळतंय का? शपथ. आणि मी म्हातारा, तोंडाला काही कुलूप नाही. हळू. ती बाहेर बसलीय. दार पातळ आहे, सगळं ऐकू —

बसली नाहीये. दाराशी उभी आहे — खालच्या फटीतून चपला दिसतायत तिच्या.

ये. ये आत. माझ्या स्टुलावर बस, मी बाहेर थांबतो. आणि तुम्ही — उठायचं नाही, चूळ भरायची नाही, कापूस काढायचा नाही. आ तसाच ठेवा.

हां, बोल गं आता.